छोट्या कार्यालयातील बिनतारी संगणक-जाळे : सुरक्षा-प्रोटोकॉलची निवड

प्रस्तावना

बिनतारी संगणक-जाळे ही आता मोठ्या आस्थापनांचीच मिरास राहिलेली नाही. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याच्या अटीतून मुक्त केले. तेव्हापासून महाविद्यालयांची प्रशासकीय कार्यालये, सहकारी पतसंस्था, सनदी लेखापालांची कार्यालये, दवाखाने, छापखाने अशा दहा-वीस संगणकांच्या ठिकाणी वाय-फाय राऊटर ही नित्याची वस्तू झाली. राऊटर बसवणारा तंत्रज्ञ अर्ध्या तासात आपले काम आटोपून निघून जातो. त्या अर्ध्या तासात 'सिक्युरिटी' या शीर्षकाखालील एका यादीतून तो एक पर्याय निवडतो, आणि ती निवड पुढे अनेक वर्षे कोणीही पुन्हा तपासून पाहत नाही.

ही यादी चार-सहा आद्याक्षरांची असते : वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीए-३, त्यापुढे टीकेआयपी किंवा एईएस, आणि 'पर्सनल' किंवा 'एंटरप्राइझ'. संगणकशास्त्राच्या बाहेरील प्राध्यापकास किंवा कार्यालयीन अधीक्षकास या आद्याक्षरांत फारसा भेद जाणवत नाही. वस्तुतः त्यांतील काही पर्याय भक्कम कुलपासारखे आहेत, तर काही केवळ कुलपाच्या चित्रासारखे आहेत. या पर्यायांचा इतिहास आणि अंतर्गत रचना समजावून देणे, आणि त्याआधारे छोट्या कार्यालयाने कोणती निवड करावी याची सुस्पष्ट कसोटी मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

विषयाचे महत्त्व

तारेच्या जाळ्यात शिरण्यासाठी इमारतीत शिरावे लागते. बिनतारी जाळ्याच्या लहरी मात्र भिंत, जिना, रस्ता यांचा मुलाहिजा ठेवत नाहीत. कार्यालयातील लॅपटॉपकडून राऊटरकडे जाणारे प्रत्येक पॅकेट परिसरातील कोणत्याही ग्राहक-यंत्रास ऐकू येऊ शकते. त्यामुळे बिनतारी जाळ्यात तीन प्रश्नांची उत्तरे प्रोटोकॉललाच द्यावी लागतात. पहिला, गोपनीयतेचा : ऐकणाऱ्यास मजकूर कळू नये यासाठी काय केले आहे? दुसरा, ओळखीचा : जाळ्यात प्रवेश मागणारा अधिकृत आहे हे कसे ठरते? तिसरा, अखंडतेचा : वाटेत मजकूर बदलला गेला तर ते लक्षात येते काय?

आजकाल बहुतेक संकेतस्थळे स्वतःचेच कूटलेखन वापरतात. तेव्हा जाळ्याच्या सुरक्षेचा वेगळा विचार कशाला, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कार्यालयातील प्रिंटरकडे जाणारी गुणपत्रके, एका संगणकावरून दुसऱ्यावर पाहिल्या जाणाऱ्या सामायिक फाइली, राऊटरचे स्वतःचे नियंत्रणपृष्ठ या गोष्टी अनेकदा अशा कूटलेखनाविनाच चालतात. शिवाय जाळ्यात शिरलेला त्रयस्थ जे काही करील, ते बाहेरच्या जगाला त्या कार्यालयाच्या पत्त्यावरूनच झालेले दिसते.

या दुसऱ्या धोक्याचा अनुभव महाराष्ट्राने २००८ मध्ये घेतला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील साखळी बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका निवासी वाय-फाय जोडणीपर्यंत पोहोचला. ऑगस्टमधील अशाच एका ई-मेलचा माग माटुंगा येथील एका महाविद्यालयाच्या जाळ्यापर्यंत, तर १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळच्या ई-मेलचा माग चेंबूर येथील एका छोट्या कंपनीच्या जाळ्यापर्यंत गेला. एक घर, एक महाविद्यालय आणि एक छोटे कार्यालय. तिन्ही ठिकाणचे जाळे त्रयस्थांनी वापरले होते. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी शहरातील असुरक्षित वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. प्रोटोकॉलची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून ती संस्थेच्या उत्तरदायित्वाची बाब आहे, हे या घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

वेप : सदोष पायावरील इमारत

बिनतारी स्थानिक जाळ्यांचे आयईईई ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातच 'वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी' अर्थात वेप या पद्धतीचा समावेश होता. तारेच्या जाळ्याइतकी गोपनीयता देणे एवढीच तिची प्रतिज्ञा होती. ती प्रतिज्ञाही तिला पाळता आली नाही.

वेपमध्ये रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ मध्ये तयार केलेले आरसी-४ हे प्रवाही कूटलेखन वापरले जाते. राऊटर आणि सर्व संगणक यांच्यात एकच गुप्त किल्ली असते. ती ४० किंवा १०४ बिटांची असते. प्रत्येक पॅकेटसाठी या किल्लीच्या पुढे २४ बिटांचा एक बदलता अंक जोडला जातो, आणि त्या जोडीतून यादृच्छिक भासणारा अंकप्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह मूळ मजकुरात मिसळला की कूटमजकूर तयार होतो. या रचनेची एक मूलभूत अट आहे : तोच प्रवाह पुन्हा कधीही वापरला जाऊ नये. एकाच प्रवाहाने झाकलेले दोन मजकूर हाती आले, तर ते परस्परांत मिसळताच प्रवाह नाहीसा होतो आणि दोन मूळ मजकुरांचे मिश्रण उघडे पडते.

२४ बिटांत १,६७,७७,२१६ इतकेच वेगवेगळे अंक मावतात. संख्या मोठी वाटते, परंतु सेकंदाला ११ मेगाबिट वेगाने पूर्ण आकाराची पॅकेटे पाठवणारा राऊटर ती सुमारे पाच तासांत संपवतो. अंक यदृच्छया निवडले तर स्थिती अधिकच बिकट होते. संभाव्यतेच्या नियमानुसार सुमारे पाच हजार पॅकेटांतच दोन अंक जुळण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. गणिताच्या प्राध्यापकांना परिचित असलेल्या जन्मदिनाच्या कोड्याचेच हे दुसरे रूप होय.

अखंडतेच्या तपासणीसाठी वेपमध्ये सीआरसी-३२ ही बेरीज वापरली होती. वाटेतील अपघाती बिघाड ओळखण्यास ती पुरेशी आहे, परंतु हेतुपुरस्सर केलेला बदल ओळखण्यास ती निरुपयोगी ठरते. ती रेषीय असल्यामुळे मजकुरातील कोणता बिट बदलला की बेरजेतील कोणते बिट बदलावे लागतील, हे किल्ली ठाऊक नसतानाही काढता येते. निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर यांनी हे दोष २००१ मध्ये तपशीलवार मांडले.

त्याच वर्षी स्कॉट फ्लुहरर, इत्सिक मँटिन आणि आदी शमीर यांनी आरसी-४ मधील किल्ली-मांडणीचा दोष दाखवला. काही विशिष्ट बदलत्या अंकांच्या बाबतीत प्रवाहाचा पहिलाच अंश गुप्त किल्लीविषयी माहिती फोडतो. पुरेशी पॅकेटे गोळा केली की किल्ली एकेक अक्षराने उलगडत जाते. २००७ मध्ये डार्मस्टाट येथील एरिक टेव्स, राल्फ-फिलिप वाइनमान आणि आंद्रे पिश्किन यांनी ही पद्धत सुधारली. चाळीस हजार पॅकेटे हाती आली तरी १०४ बिटांची किल्ली निम्म्या वेळा सापडते, आणि हे सारे काम एका मिनिटाच्या आत होऊ शकते, असे त्यांनी दाखवून दिले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. किल्ली ४० वरून १०४ बिटांची केली, तरी दुबळा दुवा किल्लीच्या लांबीत नसून रचनेत असल्यामुळे फारसा उपयोग झाला नाही. दार कितीही जाड केले तरी बिजागरीच सैल असेल तर आधार कशाचा?

या दोषाची व्यावहारिक किंमत अमेरिकेतील टीजेएक्स या किरकोळ विक्री कंपनीच्या प्रकरणात दिसून आली. जानेवारी २००७ मध्ये उघड झालेल्या या चोरीत किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती परक्या हाती गेली. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांच्या चौकशीत कंपनी तेव्हा वेपवर विसंबून होती आणि अधिक सबळ पद्धतीकडे वेळेत वळली नव्हती, हे नोंदवले गेले.

डब्ल्यूपीए आणि टीकेआयपी : तात्पुरती डागडुजी

वेपचे दोष उघड झाले तेव्हा लक्षावधी राऊटर आणि नेटवर्क-कार्डे विकली गेली होती. ती सारी फेकून देणे अशक्य होते. म्हणून 'वाय-फाय अलायन्स' या उद्योगसंघटनेने, नवे मानक पूर्ण होण्याची वाट न पाहता, २००३ पासून डब्ल्यूपीए ही मधली व्यवस्था आणली. त्यातील टीकेआयपी ही पद्धत जुन्याच यंत्रांवर, केवळ त्यांचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलून, चालावी अशी तिची आखणी होती. आरसी-४ तेच राहिले. मात्र प्रत्येक पॅकेटसाठी किल्ली वेगळी मिसळली जाऊ लागली, बदलता अंक ४८ बिटांचा झाला आणि 'मायकेल' नावाची अखंडता-तपासणी आली.

ही डागडुजी आपल्या काळापुरती योग्यच होती. परंतु 'मायकेल' ही पद्धत जुन्या यंत्रांच्या दुबळ्या प्रक्रियाशक्तीत बसवण्यासाठी मुद्दाम हलकी ठेवलेली होती. २००८ मध्ये मार्टिन बेक आणि एरिक टेव्स यांनी टीकेआयपीवरील पहिला व्यवहार्य हल्ला प्रसिद्ध केला. त्यातून किल्ली सापडत नव्हती, तथापि छोटी पॅकेटे उकलणे आणि खोटी पॅकेटे जाळ्यात घुसवणे शक्य होते. पुढे ८०२.११ मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत टीकेआयपी कालबाह्य ठरवण्यात आले.

टीकेआयपी टाळण्याचे आणखी एक कारण छोट्या कार्यालयास अधिक लवकर पटण्याजोगे आहे. ८०२.११एन आणि त्यानंतरच्या मानकांतील वाढीव वेग वेप किंवा टीकेआयपीसह वापरण्यास मनाई आहे. त्यामुळे नवा राऊटर घेऊनही त्यावर टीकेआयपी निवडले, तर जोडणीचा वेग सेकंदाला ५४ मेगाबिट या जुन्या मर्यादेत अडकतो. 'राऊटर नवा, तरी इंटरनेट संथ' या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा ही एक निवड असते.

डब्ल्यूपीए-२ : भक्कम कूटलेखन, दुबळा परवलीचा शब्द

आयईईई ८०२.११आय हे मानक जून २००४ मध्ये संमत झाले आणि त्यावर आधारलेली डब्ल्यूपीए-२ ही प्रमाणपत्र-व्यवस्था त्याच वर्षी सुरू झाली. मार्च २००६ पासून वाय-फायचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणास ती अनिवार्य झाली. तिच्यात आरसी-४ ला पूर्णतः निरोप देऊन एईएस हे कूटलेखन स्वीकारले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जाहीर स्पर्धेतून निवडून २००१ मध्ये मान्य केलेले हे कूटलेखन आजही अभेद्य मानले जाते. त्यासोबतची सीसीएमपी ही पद्धत गोपनीयता आणि अखंडता दोन्ही सांभाळते.

तथापि डब्ल्यूपीए-२ च्या 'पर्सनल' प्रकारातील प्रवेशाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. येथे सर्वांचा परवलीचा शब्द एकच असतो. तो ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. हा शब्द आणि जाळ्याचे नाव यांच्यावर ४०९६ वेळा गणिती प्रक्रिया करून २५६ बिटांची मूळ किल्ली तयार होते. संगणक जोडला जाताना तो आणि राऊटर यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. शब्द प्रत्यक्ष पाठवला जात नाही, परंतु हे संदेश टिपणाऱ्यास घरी बसून एकेक शब्द अंदाजाने पडताळून पाहता येतो. २०१८ मध्ये तर अनेक राऊटरांच्या बाबतीत चारही संदेशांची गरज नसून राऊटरचा एकच संदेश पुरतो, असेही आढळून आले. अशा पडताळणीत राऊटरला काही कळत नाही आणि चुकीच्या प्रयत्नांना कोणतीही मर्यादा पडत नाही.

म्हणून येथे सारी भिस्त शब्दाच्या सामर्थ्यावर राहते. सेकंदाला एक लाख अंदाज तपासणारे यंत्र गृहीत धरू. आजच्या आलेखन-कार्डांच्या मानाने हा वेग मुळीच अधिक नाही. आठ अंकी संख्येच्या १० कोटी शक्यता असतात. त्या सुमारे सतरा मिनिटांत संपतात. अनेक कार्यालयांत परवलीचा शब्द म्हणून दहा अंकी मोबाइल क्रमांक ठेवण्याची प्रथा आहे. ६ ते ९ या अंकांनी सुरू होणाऱ्या अशा क्रमांकांच्या ४०० कोटी शक्यता सुमारे अकरा तासांत तपासून होतात. संस्थेचे नाव आणि स्थापनावर्ष यांची जोडी तर त्याहूनही लवकर सापडते. याउलट छोटी रोमन अक्षरे आणि अंक यांतून यदृच्छया निवडलेल्या बारा चिन्हांच्या शब्दास त्याच वेगाने सुमारे पंधरा लाख वर्षे लागतील. तंत्रज्ञान तेच, राऊटर तोच, खर्च तोच. अंतर केवळ बारा चिन्हांचे.

एकच शब्द सर्वांचा असण्याचे दोन परिणाम आणखी आहेत. ज्याला शब्द ठाऊक आहे आणि ज्याने एखाद्या संगणकाच्या जोडणीचे संदेश टिपले आहेत, त्याला त्या संगणकाची पॅकेटे उकलता येतात. तसेच कर्मचारी सेवेतून गेला, तरी शब्द त्याच्यासोबत जातो. तो बदलायचा तर प्रत्येक यंत्रावर बदलावा लागतो, आणि म्हणूनच तो बहुधा बदललाच जात नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाचे माथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी 'क्रॅक' हा हल्ला प्रसिद्ध केला. चार संदेशांपैकी तिसरा पुन्हा पाठवून संगणकास वापरलेली किल्ली नव्याने बसवण्यास भाग पाडता येते, असे त्यांनी दाखवले. हा दोष मानकातच होता, तरी सॉफ्टवेअरच्या सुधारणेने तो दूर करता आला. त्यापासून घ्यावयाचा बोध असा, की ज्या राऊटरसाठी उत्पादक सुधारणा देणे थांबवतो, तो राऊटर चालू स्थितीत असला तरी सेवानिवृत्त समजावा.

डब्ल्यूपीए-३ : अंदाजास आळा

डब्ल्यूपीए-३ ची प्रमाणपत्र-व्यवस्था जून २०१८ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२० पासून नव्या प्रमाणित उपकरणांना ती अनिवार्य झाली. तिच्या 'पर्सनल' प्रकारात एसएई नावाची नवी देवाणघेवाण आहे. तीत दोन्ही पक्ष परवलीचा शब्द ठाऊक असल्याचे परस्परांना सिद्ध करतात, परंतु टिपलेल्या संदेशांतून त्रयस्थास घरी बसून अंदाज पडताळता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राऊटरपाशीच यावे लागते. प्रत्येक जोडणीची किल्ली स्वतंत्र असल्यामुळे पुढे कधी शब्द उघड झाला, तरी आधी टिपून ठेवलेली पॅकेटे उकलत नाहीत. जोडणी तोडण्याच्या खोट्या आज्ञांपासून संरक्षण देणारी व्यवस्था येथे सक्तीची आहे.

एप्रिल २०१९ मध्ये व्हॅनहूफ आणि एयाल रोनेन यांनी या प्रणालीच्या प्रारंभिक अंमलबजावणीतील 'ड्रॅगनब्लड' हे दोष दाखवले, आणि त्यानंतर सुधारणा झाल्या. हे दोष असूनही डब्ल्यूपीए-३ आधीच्या पिढीपेक्षा निश्चितपणे सरस आहे. विंडोज १०, अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या प्रणालींत २०१९ पासून तिची सोय आली. अर्थात त्यासाठी यंत्रातील वाय-फाय कार्डही तिला पूरक असावे लागते.

संक्रमणकाळासाठी राऊटरमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ असा मिश्र पर्याय असतो. तो सोयीचा आहे, परंतु त्याची मर्यादा ओळखावी. दोन्हींचा परवलीचा शब्द एकच असल्याने डब्ल्यूपीए-२ च्या वाटेने अंदाज पडताळण्याची शक्यता कायम राहते. म्हणून मिश्र पर्यायातही शब्द दीर्घ आणि यादृच्छिकच हवा.

'पर्सनल' की 'एंटरप्राइझ'?

डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ या दोहोंचा 'एंटरप्राइझ' प्रकार ८०२.१एक्स या मानकावर उभा आहे. येथे प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र नाव आणि परवलीचा शब्द, किंवा प्रत्येक यंत्रास स्वतंत्र डिजिटल प्रमाणपत्र दिले जाते. राऊटर स्वतः निर्णय न घेता 'रेडिअस' नावाच्या सर्व्हरला विचारतो. कर्मचारी गेला की एक नोंद बंद केली की काम संपते. इतरांना तोशीस पडत नाही. कोण केव्हा जोडले गेले याची नोंदही राहते. २००८ च्या घटनांसारख्या प्रसंगी ही नोंद संस्थेचा मोठा आधार ठरू शकते. विद्यापीठांच्या परस्पर-प्रवेशाची 'एज्युरोम' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था, जिचे भारतातील संयोजन अर्नेट इंडिया करते, याच मानकावर चालते.

या प्रकारास एक पथ्य आहे. सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची व्यवस्था प्रत्येक यंत्रावर चालू हवी. ती बंद असेल, तर त्याच नावाचे खोटे जाळे उभारून कोणीही कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे मिळवू शकतो. ज्या कार्यालयात हे सांभाळणारी एकही जाणकार व्यक्ती नाही, तेथे अर्धवट उभारलेल्या 'एंटरप्राइझ' पद्धतीपेक्षा काटेकोर 'पर्सनल' पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

सुरक्षेचे आभास

काही उपाय सुरक्षेचा केवळ आभास निर्माण करतात. जाळ्याचे नाव लपवणे हा त्यांपैकी एक. जोडणीच्या वेळी ते नाव उघडपणेच पाठवले जाते, त्यामुळे ऐकणाऱ्यास ते सहज कळते. यंत्रांच्या मॅक पत्त्यांची यादी करून इतरांना मज्जाव करणे हा दुसरा; हे पत्ते प्रत्येक पॅकेटवर उघडे असतात आणि त्यांची नक्कल करता येते. तिसरा उपाय तर अपायच ठरतो : बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून जोडणी करणारी डब्ल्यूपीएस सोय. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक यांनी दाखवले, की राऊटर या पिनच्या दोन भागांची तपासणी वेगवेगळी करतो आणि शेवटचा अंक तपासणीचा असतो. त्यामुळे दहा कोटी शक्यतांऐवजी पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्या भागाच्या १,००० अशा केवळ ११,००० प्रयत्नांत पिन सापडते, आणि पिनमागोमाग परवलीचा शब्दही. डब्ल्यूपीए-२ निवडून डब्ल्यूपीएसची पिन चालू ठेवणे म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार उघडे टाकणे होय.

निवडीची कसोटी

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयाच्या प्रशासकीय कार्यालयाचे उदाहरण घेता येईल. समजा, तेथे पंधरा संगणक, दोन प्रिंटर, कर्मचाऱ्यांचे मोबाइल आणि वरचेवर येणारे पाहुणे आहेत. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीसाठी घेतलेली बँक खाती, जातप्रमाणपत्रे, परीक्षेचे गुण ही सारी माहिती याच जाळ्यातून जाते. एका जुन्या प्रिंटरला फक्त वेप किंवा टीकेआयपी समजते. अशा वेळी त्या एका प्रिंटरसाठी साऱ्या जाळ्याची सुरक्षा खाली आणण्याचा मोह होतो, आणि बहुतेक चुकीच्या निवडी याच मोहातून होतात. जाळ्याची पातळी सर्वांत दुबळ्या यंत्राने ठरवू नये; दुबळे यंत्र जाळ्याबाहेर काढावे. त्या प्रिंटरला तारेने जोडले की प्रश्न सुटतो.

निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल :

१. सर्व यंत्रांना पेलत असेल तर केवळ डब्ल्यूपीए-३ पर्सनल निवडावे.

२. काही यंत्रे जुनी असतील तर डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांचा मिश्र पर्याय घ्यावा. तो राऊटरमध्ये नसेल तर डब्ल्यूपीए-२, आणि तेही केवळ एईएससह. 'टीकेआयपी आणि एईएस' असा संयुक्त पर्याय टाळावा.

३. कर्मचाऱ्यांची ये-जा अधिक असेल आणि सर्व्हर सांभाळणारी जाणकार व्यक्ती उपलब्ध असेल तर 'एंटरप्राइझ' प्रकार स्वीकारावा.

४. वेप, टीकेआयपी आणि खुले जाळे हे पर्याय कार्यालयासाठी विचारातच घेऊ नयेत.

निवडीसोबत पाच पथ्ये आवश्यक आहेत. परवलीचा शब्द किमान बारा यादृच्छिक चिन्हांचा असावा, आणि कर्मचारी सेवेतून जाताच तो बदलावा. डब्ल्यूपीएस बंद करावे. राऊटरच्या नियंत्रणपृष्ठाचा मूळ शब्द बदलून त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. पाहुणे आणि कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक मोबाइल यांच्यासाठी स्वतंत्र जाळे ठेवावे, ज्यातून कार्यालयातील संगणक दिसणार नाहीत. आणि या साऱ्याची नोंद, दिनांकासह, कार्यालयाच्या नस्तीत ठेवावी.

या नोंदीस कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याचे कर्तव्य टाकतो, आणि त्यातील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद त्यात आहे. २००१ मध्ये मोडल्याचे सिद्ध झालेली पद्धत आजही वापरणे हा 'वाजवी' उपाय होता, असे कोणत्याही संस्थेस सांगता येणे कठीण आहे.

समारोप

वेपपासून डब्ल्यूपीए-३ पर्यंतच्या प्रवासात सुरक्षेचे ओझे क्रमशः वापरणाऱ्याच्या खांद्यावरून प्रोटोकॉलकडे सरकत गेले आहे. वेपमध्ये सावध माणसासही संरक्षण नव्हते. डब्ल्यूपीए-२ सावध माणसाचे उत्तम रक्षण करते, परंतु निष्काळजी माणसास वाऱ्यावर सोडते. डब्ल्यूपीए-३ निष्काळजीपणाही काही अंशी पोटात घालते. मात्र राऊटरवर तोच पर्याय निवडलेला आहे की नाही, हे पाहण्याचे काम ते करू शकत नाही.

ते काम माणसाचेच आहे, आणि बहुतेक छोट्या कार्यालयांत ते कोणाकडेच सोपवलेले नसते. संगणक विभाग त्याला कार्यालयाचे काम समजतो, कार्यालय तंत्रज्ञाचे, आणि तंत्रज्ञ तर राऊटर बसवून निघून गेलेला असतो. विद्यार्थी मात्र आपला आधार क्रमांक, आपल्या कुटुंबाचे उत्पन्न आणि आपले गुण संस्थेच्या स्वाधीन करताना या श्रमविभागणीची चौकशी करीत नाही; तो संस्थेवर विश्वास ठेवतो. तेव्हा योग्य प्रोटोकॉलची निवड करण्याइतकेच, त्या निवडीस एक उत्तरदायी व्यक्ती नेमणे आणि वर्षातून एकदा, शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, तिची फेरतपासणी करणे अगत्याचे आहे. त्यास तास-दीड तासाहून अधिक वेळ लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी एक रुपयाही खर्च होत नाही.